मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेवढंच, मग जायला सोळा तास आणि यायला साडेचौदा का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आई-वडील, वय ६८ आणि ७२, सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच न्यूयॉर्कला धाकट्या लेकीकडे निघालेत. वडील निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी अंतर शोधलं तर एका ठिकाणी १२,५४०, दुसऱ्या ठिकाणी ७,७९० आणि तिसऱ्या ठिकाणी ६,७७० असे आकडे मिळाले. किलोमीटरचा आकडा धरून, विमानाचा वेग ताशी ९०० मानून त्यांनी भागाकार केला. उत्तर आलं चौदा तासांपेक्षा किंचित कमी. तिकिटावर मात्र जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना साडेचौदा. वडिलांचं म्हणणं, पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो. आणि ताईंना मुख्यतः हे हवंय की या वयात थेट विमान बरं की मध्ये एक थांबा घेतलेला बरा.

मी मुंबई विमानतळावर एकतीस वर्षं डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान उडवतो वैमानिक, पण आज कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घ्यायचं, मधेच काही झालं तर कुठे उतरायचं, याचा आराखडा जमिनीवर बसलेला डिस्पॅचर तयार करतो आणि कॅप्टन तो तपासून सही करतो. मुंबई–न्यूयॉर्कचे असे आराखडे मी शेकड्यांनी केलेत. गुरुजींचा भागाकार बरोबर आहे, हे आधीच सांगतो. त्यात घातलेले दोन्ही आकडे मात्र विमानाला प्रत्यक्षात कधीच मिळत नाहीत.

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. तिन्ही एकच अंतर सांगतात. १२,५४० हे किलोमीटर, ७,७९० हे आपल्या रस्त्यांवर पूर्वी असायचे ते मैल, आणि ६,७७० हे सागरी मैल. सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर, आणि विमानात व जहाजात हेच माप चालतं. त्यामुळे पुढे कुठेही अंतर बघाल तेव्हा आकड्याआधी एकक बघा. प्रत्येक ठिकाणी दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसेल. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांपाशी जराशी चपटी धरतं, कोणी न्यूयॉर्कसाठी केनेडी विमानतळ घेतं तर कोणी नदीपलीकडचं नेवार्क. तो फरक सोडून द्या.

आता हे १२,५४० किलोमीटर नेमके कुठून जातात ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गुरुजींना माझी विनंती आहे की घरात पृथ्वीगोल असेल तर तो काढा. शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर उत्तम. मुंबईवर शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. आणि दोरा कुठून गेला ते बघून बहुतेक जण चकित होतात. न्यूयॉर्क पश्चिमेला, म्हणून आपण अरबी समुद्राकडे बघतो. दोरा निघतो उत्तरेला, थोडासा पश्चिमेकडे कललेला. सौराष्ट्र, कच्छ, क्वेट्टाजवळून, हेरातजवळून, तुर्कमेनिस्तान, कास्पियनच्या पूर्वेचा कझाकस्तान, आणि मग चक्क मॉस्कोच्या शेजारून. पुढे हेलसिंकीच्या आसपास, नॉर्वेचं ट्रॉनहाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून उतरत न्यूयॉर्क. दोरा उत्तरेला जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेष काढली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक अशी जाते. मर्केटरच्या, म्हणजे भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशावरच्या त्या रेषेने खरोखर गेलं तर १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे दोऱ्यापेक्षा साडेसोळाशे जास्त. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा करतो, म्हणून त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. नकाशावर विमानाची वाट कमानीसारखी वाकलेली दिसते आणि प्रवासी विचारतात, एवढा वळसा का? पण गोलावर तीच वाट सरळ असते.

मग विमान या दोऱ्यावरून जातं का? क्वचितच. दोऱ्यावरची गावं पुन्हा वाचा, म्हणजे कारण कळेल. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली ती १६ जुलैपर्यंत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचं हवाई वाहतूक नियंत्रण कोलमडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि त्यावरचं आकाश मिटलं. रशियाचं आकाश कोणाला खुलं, कोणाला बंद, अशी वाटणी झाली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा मनाई केली. त्यानंतर १३ जून २०२५ ला इराणचं आकाश बंद झालं, तेव्हा मुंबई-दिल्लीहून निघालेली काही विमानं अर्ध्या वाटेवरून परत आली. डिस्पॅचरच्या टेबलावर अशी रात्र येते तेव्हा पुढच्या विमानांचे आराखडे फाडून नवे करावे लागतात, आणि त्यात हवेत असलेल्यांची काळजी वेगळी.

मुंबईचं नशीब त्यातल्या त्यात बरं. आपण किनाऱ्यावर आहोत. वरची वाट बंद झाली तर सरळ पश्चिमेला समुद्रावरून ओमानकडे निघायचं, तिथून जी हद्द उघडी असेल तिने तुर्कस्तान आणि युरोप गाठायचा. दिल्लीच्या विमानांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग वळावं लागतं. म्हणूनच २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. आणि युरोपवरून गेल्याने मुंबईचं अंतर वाटतं तेवढं वाढत नाही. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज करा : दोऱ्यापेक्षा फक्त सव्वादोनशेच्या आसपास जास्त. अर्थात मुंबई–लंडनही कुठलं विमान दोऱ्याने जात नाही. वळणं, हद्दी, ठरलेले हवाई मार्ग धरून मुंबई–न्यूयॉर्कला प्रत्यक्षात १३,००० किलोमीटरच्या आसपास कापावे लागतात, असं धरून चाला. आकाश कुठे कुठे मिटलंय त्याप्रमाणे कधी कमी, कधी जास्त.

हा झाला भाज्य. आता भाजक, म्हणजे वेग. माझ्या आयुष्यातली निम्मी मेहनत यावर गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या मार्गावरची मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगाने जातात. एवढ्या उंचीवर हवा उणे ५० अंशांहून थंड असते, तिथे हा वेग ताशी ८९०-९०० किलोमीटर येतो. पण हा वेग हवेच्या तुलनेत मोजलेला. आणि हवा स्वतः वाहत असते. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने गेला असाल तर लगेच कळेल. इंजिन तेवढंच घुरघुरतं, पण ओहोटीचं पाणी समोरून येत असलं की किनारा पुढे सरकतच नाही, आणि पाणी पाठीशी असलं की लाँच झरझर जाते. विमान हे त्या लाँचसारखं, फक्त त्याचं पाणी म्हणजे हवा.

आणि ही हवा साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तीस ते चाळीस हजार फुटांवर वाऱ्याच्या नद्या असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी तीनशेच्याही वर. विमान न्यूयॉर्कला जाताना या प्रवाहाच्या तोंडावर जातं, येताना त्याच्या पाठीवर बसून येतं. याचं टोकाचं उदाहरण ८-९ फेब्रुवारी २०२०च्या रात्रीचं. अटलांटिकवर मोठं वादळ होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तेव्हा लोकांनी विचारलं, त्याने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. आजूबाजूच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं; हवाच त्याला घेऊन पळत होती.

आता गुरुजींसाठी एक गणित. समजा ९,००० किलोमीटरचा पल्ला आहे आणि वेग ताशी ९००. वारा नसेल तर जायला दहा, यायला दहा, मिळून वीस तास. आता ताशी १०० चा वारा आला. जाताना वेग ८००, वेळ सव्वाअकरा तास. येताना वेग १,०००, वेळ नऊ तास. बेरीज सव्वावीस. म्हणजे जाताना गेलेलं येताना पूर्ण वसूल होत नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ, म्हणून ही पंधरा मिनिटांची तूट कायमची. नव्या मुलांना शिकवताना मी नेहमी हे गणित आधी घालायचो, कारण वारा दोन्हीकडे सारखाच, मग तो कटून जाईल, असं बहुतेकांना वाटतं.

न्यूयॉर्कच्या पूर्ण वाटेवर वारा सारखा नसतो. कुठे जोरात, कुठे बाजूने, कुठे जवळजवळ नाही. सरासरीने ताशी पन्नासेक किलोमीटरचा अडथळा धरा. १३,००० भागिले ८३५ म्हणजे साडेपंधरा तासांहून थोडं जास्त. परतीला १३,००० भागिले ९४० म्हणजे चौदा तासांना जरा कमी. यात जमिनीवरची ४० मिनिटं मिळवा, की तुमच्या तिकिटावरचे सोळा आणि साडेचौदा आले.

ही जमिनीवरची मिनिटंही समजून घ्या. तिकिटावरची वेळ विमान उडाल्यापासून मोजत नाहीत. दाराशी उभ्या विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढून ते हललं, तिथपासून समोरच्या विमानतळावर दाराशी येऊन ठोकळे लागेपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना कापतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जरा आत. गर्दीच्या वेळी पुढे पाच-सात विमानं उभी असली की वीस-पंचवीस मिनिटं रांगेतच जातात. केनेडी विमानतळावर संध्याकाळची रांग याहून लांब असते. कंपन्या हा वेळ आधीच धरून ठेवतात, त्यामुळे कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं. वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि हिवाळ्यात पश्चिमेकडचा ब्लॉक टाइम सहसा वाढवलेला असतो.

आता पृथ्वीच्या फिरण्याबद्दल. मुंबई स्वतः पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. पण विमान, धावपट्टी, हवा, आपण, सगळेच त्याच वेगाने चाललोत. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे. शिवाय पृथ्वी खाली नुसती फिरत राहिली असती, तर पश्चिमेला जाणं सोपं झालं असतं, कारण न्यूयॉर्क आपणहून आपल्याकडे आलं असतं. प्रत्यक्षात उलट घडतं. तरी गुरुजींचं अगदीच चुकलं नाही. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यामुळे उंचावर दाबाचा फरक पडतो आणि हवा उत्तरेकडे सरकू पाहते. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. जेट स्ट्रीम अशी तयार होते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तो वाऱ्यामार्फत.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक गंमत असते. जूननंतर पश्चिमेकडून येणारी जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकते, आणि दक्षिण भारतावर, नेहमीच्या विमानांपेक्षाही उंच, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी वेगळी जेट तयार होते. आपले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात ती जगापुढे मांडली. तिची खालची बाजू लागली की जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला पहिले दोन-तीन तास पाठीचा वारा मिळतो. मला दरवर्षी त्याची वाट असायची.

अंतर आणि वेळ हे वेगळे हिशोब आहेत हे सगळ्यात चांगलं दाखवलं ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोपर्यंत अटलांटिकवरून जायचं. ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, १५,३०० किलोमीटर झाली. आणि विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या वाटेपेक्षा दोनेक तास लवकर. वारा पाठीला घेतला, एवढंच केलं. आमच्या कामात लांबची वाट जवळची ठरते ती अशी. म्हणून कोणी मला विचारलं की अमेरिका किती लांब, तर मी तासांत सांगतो आणि कुठला महिना ते आधी विचारतो.

वाऱ्याचा अंदाज आम्हाला लंडन आणि वॉशिंग्टनच्या दोन जागतिक केंद्रांकडून मिळतो. अटलांटिकवरच्या वाटा तर रोज दोनदा नव्याने आखतात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी. एवढं करूनही वारा फिरतो. मोठं ट्रिपल सेव्हन, म्हणजे बोइंग ७७७ विमान, तासाला सात-साडेसात टन इंधन पितं. एप्रिलमधल्या एका रात्रीचं सांगतो. मुंबईत उकाडा, हवा विरळ, त्यामुळे विमान किती वजन घेऊन उडू शकेल याला मर्यादा. त्यात शेवटच्या अंदाजात समोरचा वारा वाढला आणि प्रवास चाळीस मिनिटांनी लांबला. चाळीस मिनिटं म्हणजे पाच टन इंधन जास्त. प्रवासी उतरवायचे नाहीत, मग माल उतरवला. त्यात हापूसच्या पेट्या होत्या, अमेरिकेला जायच्या आधी लागते ती सगळी प्रक्रिया करून आलेल्या, आणि त्या रात्रभर शेडमध्ये राहिल्या. मालाच्या माणसाला दुपारीच कळवायला हवं होतं, ते कोणी कळवलंच नाही. हिशोब माझा बरोबर होता, तरी देवगडहून आलेल्या त्या पेट्या आजही माझ्या मनातून जात नाहीत. लांबच्या विमानांची सुटायची वेळ मुंबईत मध्यरात्रीनंतरची का असते, याचं एक कारण हेच. रात्री हवा जरा थंड आणि जड असते, तेवढं वजन जास्त उचलता येतं. दुसरं कारण म्हणजे पलीकडे सकाळी उतरता यावं.

मध्यरात्रीवरून घड्याळाचा मुद्दा येतो, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबई १:३० आणि न्यूयॉर्क सकाळी ७:३०, तारीख एकच, असं दिसलं तर सहा तासांचा प्रवास वाटतो. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं. सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि फरक साडेदहाचा होतो. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर हा तास लक्षात ठेवा. आम्ही कामात सगळं ग्रीनिचच्या घड्याळाने करायचो, म्हणून चुका टळायच्या. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण खुद्द मुंबईतही १९५५ पर्यंत भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ चालायची.

याहून महत्त्वाची तारीख. तिकिटावर ‘१२ सप्टेंबर, ०१:३०’ असेल तर घरातून निघायचं ११ तारखेच्या संध्याकाळी. माझ्या सख्ख्या आत्याने १२ च्या रात्री विमानतळ गाठला होता, बॅगांना दोऱ्या बांधून, सगळी गल्ली निरोपाला आलेली. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. मी याच धंद्यातला, आणि तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो, कॅलेंडरवर निघायचा दिवस लाल पेनने लिहा, आणि तो आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहा.

आता मुख्य प्रश्न : थेट की थांबा घेऊन?

पूर्वी निवड नव्हतीच. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला दोन दिवसांनी पोहोचलं. १९६० मध्ये एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली तीही लंडनवरून. थेट विमान त्यांनी ऑगस्ट २००७ मध्ये सुरू केलं. म्हणजे या वयातल्या माणसांनी थांबत जाणं काही नवीन नाही. पण थांबा कुठे, हे बघा. आखातात थांबलात तर दुबईपर्यंत १,९३० किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. तिथून न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर, चौदा तास. अंतर जेमतेम ४०० ने वाढलं, पण चौदा तासांचं बसणं कायमच राहिलं, आणि वर दोन-चार तासांचं विमानतळ, पुन्हा तपासणी, मध्यरात्री किंवा पहाटे लांब चाल. प्रवास एकोणीस ते एकवीस तासांचा होतो. गुडघे दुखतात म्हणून थांबा घ्यायचा असेल तर हा थांबा काही कामाचा नाही. युरोपात थांबलात तर साडेनऊ-दहा तास आणि मग आठ तास, अशी प्रवासाची खरी विभागणी होते. त्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते मात्र तिकीट काढण्याआधी बघा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं चुकलं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीची राहते.

तुमचे आई-वडील पहिल्यांदा जातायत, इंग्रजीची थोडी भीती आहे असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे : थेट विमान घ्या, कडेच्या खुर्च्या आधी राखून ठेवा, व्हीलचेअर तिकिटासोबतच मागा. व्हीलचेअर मागण्यात लाज नाही. तिच्यामुळे रांगेतली चाल वाचते आणि बरोबर एक माहीतगार माणूस राहतो. दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूला चालायचं, पाणी मागून प्यायचं. पायांना सूज येत असेल, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील, तर कुठली कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून तासांत लिहून घ्या, घड्याळाच्या वेळेत नको. ‘रात्री नऊला’ या सूचनेला त्या प्रवासात काही अर्थ उरत नाही. ‘आधीच्या गोळीनंतर बारा तासांनी’ ही सूचना चालते. औषधं हातातल्या बॅगेत.

आणि एकूण वेळ धरताना डोंबिवलीच्या उंबऱ्यापासून धरा. सहारच्या विमानतळापर्यंत रस्त्याने दोन तास, संध्याकाळच्या वाहतुकीत जास्त. विमानतळावर साडेतीन तास. विमानात सोळा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा, दीड ते दोन तास. तिथून लेकीचं घर. चोवीस तास सहज होतात, म्हणून त्या दिवशी लेकीने जेवायला पाहुणे बोलावू नयेत.

प्रवासाच्या दोन दिवस आधी त्याच विमानाचे गेल्या आठवड्याचे खरे वेळ इंटरनेटवर बघा. आकाश कुठे मिटलंय, वारा कसा आहे, हे सगळं त्या सात आकड्यांत उतरलेलं असतं. तिकिटापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

एक गोष्ट आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतील. पश्चिमेला जाताना विमान रात्रीच्या बरोबरीने पळतं. सूर्य थोडा जास्त वेगाने येतो, म्हणून शेवटी गाठतो, पण फार सावकाश. ११ तारखेला डोंबिवलीत सूर्य मावळेल, त्यानंतरचा उजेड त्यांना जवळजवळ वीस तासांनी दिसेल. झोप झाली, दोनदा खाणं झालं, बाबांच्या मनगटावरच्या घड्याळात दुपार झाली, तरी खिडकीबाहेर काळोखच असेल. ती खिडकी फटफटायला लागली की समजायचं, समुद्र ओलांडून कॅनडाचा किनारा आला आणि आता दोन-अडीच तास राहिले.